पान एकशे चौदा, रकाना सातवा

मी, खाली सही करणार, जन्मनोंदणी कचेरीतील निवृत्त कारकून, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आज सकाळी डॉक्टरांनी तपासून डोके ठिकाणावर असल्याचे लिहून दिल्यावर हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तर हे लिहू नये म्हणूनच घातला असता. हे पाकिटात बंद करायचे नाही, मी मरायची वाटही पाहायची नाही.

मृत्युपत्रच कशाला, ते आधी सांगते. उपरे ठरवलेल्यांच्या यादीवरची माझी हरकत खिडकीवरून तीनदा परत आली. हरकत यादीतल्या माणसाने स्वतः येऊन घ्यायची असा नियम आहे, आणि यादीतली माणसे रवानगी केंद्राच्या कुंपणाआड आहेत. मृत्युपत्र मात्र नोंदणी कारकुनाला नाकारता येत नाही. ते शब्दन् शब्द वहीत उतरवावे लागते आणि शिक्क्याची नक्कल द्यावी लागते. त्या इमारतीत एकतीस वर्षे घासली, एवढे मला कळते. सुनेच्या वकीलबाईंना गुरुवारच्या सुनावणीला अशीच नक्कल हवी आहे.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा अर्धा भाग, नवऱ्याच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी सुनेला देते. मुलाला देत नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. शिवणयंत्र आणि लोखंडी कपाट सुनेने स्वतःच्या कमाईतून घेतले आहे, ते माझे नाहीच, त्यामुळे ते कोणी माझ्या नावावर वाटून घेऊ नये. माझी चांगली छत्री कचेरीतल्या शिपायाला द्यावी. त्याला आम्ही 'घड्याळ' म्हणायचो, कारण तो जन्मात कधी वेळेवर आला नाही.

कलम ३. समोरच्या दुकानदाराने आमची शिडी नेली ती परत केली नाही. तिच्यावर चढून त्याने आमच्या खिडकीसमोर 'मूळचे आधी' असा फलक बांधला. शिडी त्यालाच राहू द्यावी. कधीतरी खाली उतरावे लागेलच.

कलम ४. हे कलम कारकुनाने सावकाश उतरवावे.

एका वर्षी कचेरीचे छत गळले आणि जन्माच्या जुन्या वह्या भिजल्या. हुकूम आला की तीन महिन्यांत सगळ्या नव्या वह्यांत उतरवा. माणसे दोन, मी आणि मोठे कारकून. नाकी नऊ आले. प्रत्येक ओळीत सातवा रकाना असायचा, 'कुटुंब मूळचे कुठले'. तो कधी कोणी पाहिलेला नव्हता. मोठे कारकून म्हणाले, पहिली ओळ नीट भरा आणि खाली 'वरीलप्रमाणे' ओढत न्या, कोण बघतंय! मी तसेच केले. पानावर बावीस नावे. पहिल्या ओळीतले कुटुंब इथले असेल तर बावीसच्या बावीस इथले, बाहेरचे असेल तर बावीसच्या बावीस बाहेरचे. बाकीचे रकाने मी जीव लावून भरले. एका बाळाचे नाव चुकले असते तर मला झोप लागली नसती. या रकान्याने माझी झोप कधीच घालवली नाही.

पुढे हे सरकार आले. पाणी तीन दिवसांनी एकदा, धान्य महाग, आणि वर नवा पूल कोसळला. माझ्या मुलाचा कारखान्यातला जोडीदार त्या पुलाखाली गेला. मुलगा रोज मोर्चात जायचा आणि घसा बसवून घरी यायचा. सरकारच्या सभेला कुत्रे फिरकत नव्हते. मग निवडणूक तोंडावर आली आणि सरकारला एकाएकी उमगले की खरा प्रश्न पाण्याचा नाही, पुलाचा नाही, उपऱ्यांचा आहे. पाणी उपरे पितात, नोकऱ्या उपरे खातात, पुलाचे लोखंडही त्यांनीच विकले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. उपरा ओळखायचा कसा, तर जन्माच्या वहीतला सातवा रकाना बघून.

सभा पुन्हा भरू लागल्या. माझा मुलगाही जाऊ लागला. मोर्चातला आवाज तोच राहिला, शिव्या खाणारी माणसे तेवढी बदलली. पुलाचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

सुनेचे नाव पान एकशे चौदावर, बाराव्या ओळीत आहे. त्या पानावर पहिले नाव बाहेरून खाणीवर कामाला आलेल्या कुटुंबाचे आहे. यादीत तिचे नाव निघाले तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. तिचे पणजोबा इथल्या शाळेचे पहिले मास्तर होते, हे तिने दोनदा सांगितले. मुलगा वहीची नक्कल घेऊन आला होता. ती त्याने माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"आई, हे तुझंच अक्षर आहे ना?"

मी हो म्हणाले. पुढचे वाक्य बोलले नाही. बोलले असते तर पेन्शन जाईल आणि या वयात तुरुंग दिसेल, अशी मला भीती वाटली. मी मूग गिळून बसले आणि सून माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी बस आली. नातीला बापाकडे राहायची मुभा होती. तिने आईच्या पिशवीचा बंद धरला तो सोडला नाही, तीही बसमध्ये चढली. त्याला आज सात महिने झाले. या सात महिन्यांची मला लाज वाटते, एवढेच लिहिते. याहून मोठा शब्द शोधायचा मला अधिकार नाही.

भिजलेल्या वह्या जाळायचा हुकूम होता. घड्याळाने तो पाळला नाही, रद्दीत विकू म्हणून माळ्यावर टाकल्या आणि विसरला. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी त्या उलगडल्या. सुनेची ओळ वाचता येते. तिचे कुटुंब इथलेच आहे.

माझ्या हातच्या त्याच नव्या वहीत पुढे पान एकशे एकतीस आहे. तिथे नवव्या ओळीत माझा मुलगा. पहिल्या ओळीतले कुटुंब इथले, म्हणून त्याच्यापुढेही मी 'वरीलप्रमाणे' ओढले होते. माझे सासरे सुतार होते, खांद्यावर करवत घेऊन सीमेपलीकडून चालत आले. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मुलालाही. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते.

हे लिहिण्याआधी मी मुलाला बसवून सगळे सांगितले. तो म्हणाला, "तिचं पान लिही. माझं राहू दे. कोण बघतंय!" मी म्हणाले की एक पान उघडले की ते सगळी वही तपासतील, आणि मी एक लपवले असे दिसले तर दुसऱ्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. तिला सोडवायचे तर दोन्ही लिहावी लागतील. तो म्हणाला, "मी तुझा मुलगा आहे ना?" आहे. एकुलता एक आहे. लहानपणी त्याला ताप आला की मी रजा टाकायचे, आजही तो खोकला की मी जागी होते.

कलम ५. म्हणून मी सत्य म्हणून लिहून देते की, पान एकशे चौदावरील बारावी ओळ, माझी सून: नोंद चुकीची, कुटुंब इथलेच. पान एकशे एकतीसवरील नववी ओळ, माझा मुलगा: नोंद चुकीची, आजोबा बाहेरून आलेले. त्या वहीतल्या दोनशे पानांवरचा सातवा रकाना माझ्या हातचा आहे आणि त्यावरून कोणालाही घरात ठेवू नये की घराबाहेर काढू नये. इथला आणि बाहेरचा हा फरक मला मान्य नाही. तरी तो वापरून मी एकीला सोडवते आहे आणि एकाला अडकवते आहे. या कलमाची सगळी जबाबदारी माझी आहे, मोठ्या कारकुनांची नाही. ते बिचारे वारले.

कलम ६. घरावर सुनेसाठी कोणतीही अट नाही. उद्या मुलाचे नाव यादीत निघाले, किंवा तो केंद्रातून कधी सुटून या दारात आला, तर दार उघडायचे की नाही हे तिने ठरवावे. तिने उघडले नाही तर माझा आत्मा तळमळेल वगैरे तिला कोणी ऐकवू नये. मी तिच्या जागी असते तर उघडले नसते. मी त्याची आई आहे, म्हणून एवढेच मागते की आतून कडी लावण्याआधी तिने त्याला एकदा पाणी विचारावे. ही विनंती आहे, कायद्याने बांधील नाही.

व्यवस्था पाहण्यासाठी वकीलबाईंना नेमते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: निवृत्त कारकून, जन्मनोंदणी कचेरी

साक्षीदार १: तपासणारे डॉक्टर. सही.
साक्षीदार २: कचेरीतील निवृत्त शिपाई. सही. आज वेळेच्या आधी अर्धा तास हजर.

साक्षीदार नसलेला, पण हजर: मुलगा. वाचन संपेपर्यंत दारात उभा होता. कलम पाच वाचून झाल्यावर त्याने विचारले की केंद्रात सोबत काय काय नेऊ देतात. कोणाला माहीत नव्हते.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सुनावणीच्या आधीचा मंगळवार, सकाळी साडेअकरा