न कापलेली सोळा पाने

मी, कॉन्सोर्सिया एल्नार, वय एकोणऐंशी, अविवाहित, राहणार दुमागेते, फिलिपिन्स, हे लिहिते तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांकडून कालच घेतला, कारण माझा भाचा रोमुलो, जो मला तिया म्हणजे मावशी म्हणतो, उद्या "तियाला भ्रम झाला होता" म्हणायला कमी करणार नाही. आज तीनच्या बोटीने मी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी सेबूला निघाले आहे. सुखरूप परत याल, असे सगळे एका सुरात म्हणतात. इतके एकमत दिसले की मला संशय येतो.

१. अंत्यविधी साधा असावा, भाषणे नकोत. विद्यापीठातल्या कोणी माझी स्तुती केलीच, तर ती पुस्तक न वाचता केलेली समजावी.

२. एकतीस वर्षे मी विद्यापीठाच्या त्रैमासिकासाठी शिक्षण आणि समाजशास्त्रातल्या पुस्तकांची परीक्षणे लिहिली व लिहून घेतली. परीक्षणाला पाठवायच्या प्रत्येक प्रतीत शेवटून दुसऱ्या प्रकरणात मी एक चिठ्ठी ठेवत असे: "इथवर आलात तर कळवा." वर्षाकाठी दोघे-तिघे कळवत. बाकीचे प्रस्तावना आणि अनुक्रमणिका चाळून "मौलिक भर" असे लिहून मोकळे होत आणि प्रत फुकट ठेवून घेत. त्या सर्वांची नावे असलेली हिरवी वही छापखान्यातले जुने मुद्रितशोधक आन्सेल्मो सायकोन यांना द्यावी. त्यांनी ती जाळावी. वाचून जाळली तरी हरकत नाही.

३. राहते घर रोमुलोला. तो दर भेटीत आंबे आणतो आणि भिंतींवरून हात फिरवत विचारतो, "तिया, इथे ओल येते का हो?" मायेने विचारत असेलही. मात्र कलम पाचमधले परीक्षण त्रैमासिकात छापून आल्याशिवाय त्याला घराचा ताबा मिळू नये. छापील अंक वकील इबान्येस यांना दाखवावा. संपादक "जागा नाही" म्हणतील. जागा असते. ते उत्तर मीच एकतीस वर्षे देत आले.

४. आता मूळ मुद्दा. १९८४ साली आमच्याच विभागातल्या एल्यूतेरियो कालुम्पांग या तरुण शिक्षकाचे पुस्तक आले. विषय, डोंगरातली मुले शाळा का सोडतात. परीक्षण मी स्वतः लिहिले. त्यातले एक वाक्य पुढे फार गाजले: "लेखकाला एकाही आईला विचारावेसे वाटलेले नाही." त्याच महिन्यात त्याची कायम नेमणूक समितीपुढे होती आणि माझे परीक्षण समितीच्या टेबलावर होते. नेमणूक गेली.

तो माझ्या खोलीत आला. बसला नाही.

"मॅम, पाचवं प्रकरण वाचलंत का?"

"मी सगळं वाचते, तेयो."

"बरं," म्हणाला आणि गेला. निवृत्त होईपर्यंत तो माबिनायच्या डोंगरात प्राथमिक शाळेत शिकवत राहिला. दुसरे पुस्तक त्याने लिहिले नाही. मी मात्र वर्षानुवर्षे समजत होते की तो मला खोट्यात पाडू बघत होता. चोराच्या मनात चांदणे.

गेल्या डिसेंबरात वाळवीमुळे कपाट रिकामे करताना ती प्रत हाती आली. पान ९७ ते ११२ छापखान्यात कापायची राहिलेली, कडेने जोडलेलीच होती. अनुक्रमणिकेत पाचव्या प्रकरणाचे नाव नुसते "नदीपलीकडे" असे असल्याने मला त्यात काय आहे याचा पत्ता नव्हता. मी सुरी घेऊन ती सोळा पाने कापली. आत तेवीस आया होत्या, नावानिशी, आपापल्या बोलीत. एक म्हणते, "मास्तर विचारतात, पोरगी शाळेत का येत नाही. धाकटं तिच्या पाठीवर असतं. ते मास्तर सांभाळतात का?"

लोकांच्या प्रतीत चिठ्ठ्या ठेवणारी मी. माझ्या प्रतीत चिठ्ठी ठेवणारे कोणी नव्हते.

५. त्या पुस्तकाचे नवे परीक्षण सोबत जोडले आहे. ते माझ्या नावाने, एकही शब्द न गाळता छापावे. हयातीत छापायचे धैर्य मला झाले नाही.

६. माझी सर्व पुस्तके आणि पाने कापायची सुरी एल्यूतेरियो कालुम्पांग यांना.

७. वकिलांनी बजावले आहे की तीन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे रद्द होते. आन्सेल्मो साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना वही आजच हातोहात दिली.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी एक वाजता:

तिसऱ्या साक्षीदार, ग्रंथपालबाई, आल्या नाहीत. नातवाला ताप आहे म्हणे. खराही असेल. तेयोला मी फक्त ती प्रत न्यायला बोलावले होते. तो मागच्या खुर्चीत बसून हे सगळे कागद, परीक्षणासकट, पेन्सिल घेऊन वाचत होता.

वकील त्याला थोरल्या भावाच्या मानाने हाक मारत म्हणाले, "मानोय तेयो, तुम्ही सही केलीत तर पुस्तकं गेली."

"आणि नाही केली तर?"

"मग आज मृत्युपत्रच होत नाही. परीक्षणही तसंच राहील."

तेयोने पेन मागितले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅम, आकडा चुकलाय. तेवीस नाही, चोवीस."

"मी दोनदा मोजल्या."

"चोविसावी पान ११३ वर आहे. माझी आई."

मी प्रत उघडली. पान ११३ पुढच्या घडीतले. ते कापावे लागलेच नव्हते. पस्तीस वर्षे मोकळे होते. आणि डिसेंबरात सोळा पाने कापून मी पुन्हा ११२ वरच थांबले होते.

परीक्षणात "चोवीस" अशी दुरुस्ती करून बाजूला सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत. कलम चारमधला आकडा मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

दुमागेते, १४ मार्च २०१९
(सही) कॉन्सोर्सिया एल्नार

आमच्यासमोर सही झाली व आम्ही प्रत्येक पानावर सही केली:
१. फेलिसिदाद तुबिल, शेजारीण
२. आन्सेल्मो सायकोन, मुद्रितशोधक
३. एल्यूतेरियो कालुम्पांग, शिक्षक. सर्व पाने वाचली.