जन्मजात सेंटर फॉरवर्ड

१ जानेवारी १९८७, गुरुवार
बेअरिंग पुरवणाऱ्या पार्टीने डायरी दिली. कागद झकास. यंदा रोज लिहिणार. संकल्प एकच, फॅक्टरीची फुटबॉल टीम जिंकवायची. स्पोर्ट्स सेक्रेटरी म्हणून माझी चार वर्षं झाली आणि चारही वर्षं उल्हासनगरच्या टीमने आम्हाला धू धू धुतलं. त्यांचा कॅप्टन बाळ, म्हणजे पद्मजाचा सख्खा धाकटा भाऊ. माझा मेव्हणा! मॅच संपली की आमच्याच घरी येऊन जेवतो आणि पोळी खाता खाता हिला गोलांचं वर्णन ऐकवतो.
आज जी.एम. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हॅपी न्यू इयर केलं. त्याच दमात म्हणाले, दिनानाथ, यंदा हरलात तर त्या मैदानावर गोडाऊन बांधतो. म्हटलं, सर, यंदा जिंकलोच समजा. असं का म्हटलं माहीत नाही. पण म्हणून बसलो.

४ जानेवारी, रविवार. सकाळ
रविवार पुरवणीत लेख आलाय, निसर्गाने भरभरून दिलेल्या फुटबॉल खेळाडूंवर. दोनदा वाचला. एकाची मांडी म्हणे सामान्य माणसाच्या कमरेएवढी. एका गोलकीपरच्या पंजात बॉल संत्र्यासारखा मावतो. एकाची नाडी बसल्याजागी पन्नाशीच्या आसपास, त्यामुळे तो दमतच नाही. तुमची आमची बहात्तर. तात्पर्य काय, खेळ शिकवता येतो, पण शरीर जन्मतःच घेऊन यावं लागतं.
डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चार वर्षं आपण उलटंच करत होतो. खेळता येणाऱ्यांना घेत होतो!
पद्मजाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, वाचा, मी मटार सोलता सोलता ऐकतेय. शेवटी विचारलं तर मांडीवरच अडकली होती. म्हणाली, तो माणूस पॅन्ट कुठे शिवतो?

१० जानेवारी, शनिवार
हाफ डे. उल्हासनगरला जाऊन क्लबसाठी स्टॉपवॉच घेतलं. फॉरेनचं, सेकंडहँड, वजनदार. टिकटिक बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात ऐकू येते. दुकानदार शेठ म्हणाला, साईं, दो दिन छोड के जाओ, कारीगर एक बार देख लेगा. मी ओळखलं. दोन दिवसांनी गेलं की सर्व्हिसिंगचं बिल वेगळं. म्हटलं, शेठ, मी स्टोअर्स ऑफिसर आहे, आपल्याला टोपी नका घालू. घेऊनच आलो.
घरी श्वास रोखून बघितला. एक मिनिट पाच सेकंद! लहानपणी अर्ध्या मिनिटात डोळे बाहेर यायचे. वयाबरोबर माणूस सुधारतो तो असा.

१९ जानेवारी, सोमवार
वार्षिक मेडिकल सुरू. आज मशीन शॉपचा नंबर होता. आपले नेहमीचे सगळे खेळाडू तिथलेच. कार्डं बघितली. नाडी बहात्तर, चौऱ्याहत्तर, सत्तर. साधी माणसं. उगाच चार वर्षं यांच्या जिवावर उड्या मारल्या.

२० जानेवारी, मंगळवार
डॉक्टरांच्या मनगटी घड्याळात पाणी गेलं, रिपेअरला टाकलंय. मी मोठ्या मनाने क्लबचं स्टॉपवॉच दिलं. आज ऑफिस स्टाफ. माझा नंबर पहिला.
नाडी चोपन्न!!
डॉक्टरांनी परत मोजली. परत चोपन्न. म्हणाले, कमाल आहे, अशी नाडी कसलेल्या खेळाडूंची असते, तुम्ही किती वर्षं खेळताय? म्हटलं, मनातल्या मनात बरीच.
घरी येताना चाल बदलल्यासारखी वाटली. आतून.

२२ जानेवारी, गुरुवार
अजब! कॅशियर शशिकांत, ज्याला एक जिना चढला की खुर्ची लागते, त्याची छप्पन्न. कँटीनच्या रामभाऊंची पंचावन्न. माळीकाम करणारा बुधाजी पालेगावहून सायकल हाणत येतो, त्याची तर सत्तेचाळीस! एकाच फॅक्टरीत एवढे चमत्कार? अंबरनाथच्या पाण्यात काहीतरी आहे. यावर कुणीतरी संशोधन केलं पाहिजे. मी केलं असतं, पण स्टॉक टेकिंग आहे.

२४ जानेवारी, शनिवार
टीम नोटीस बोर्डावर लावली. साठच्या खालच्या नाडीचे अकरा. मशीन शॉपचा एकही नाही. लोक बोर्डासमोर उभे राहून बराच वेळ हसत होते. नवीन विचाराला आधी हसतातच.
किसन भेटायला आला. आमचा सेंटर फॉरवर्ड. म्हणजे होता. चार वर्षांत आमच्याकडून जे काही गोल झाले ते त्याचेच. विचारत होता, साहेब, माझं काय चुकलं? त्याला नाडीचं सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, पण साहेब, गोल तर पायाने मारतात ना? बिचारा. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पण मैदान वाचवायचं तर मन घट्ट करावं लागतं.
सेंटर फॉरवर्ड मी. नाडीने बुधाजी माझ्या वर आहे, पण त्याला गोलकीपर केलंय. त्याला एका जागी उभं राहायची सवय आहे.

२५ जानेवारी, रविवार
पहिली प्रॅक्टिस. शंभर मीटर धावायला लावलं. स्टॉपवॉचवर कुणालाच पंचवीस सेकंदांच्या आत जमलं नाही. मला एकोणतीस. आधी जरा धक्का बसला. मग कळलं, हे लोक ताकद राखून धावतात. जातिवंत माल असाच असतो.
शशिकांत दुसऱ्या फेरीत आडवा झाला. म्हणाला, नाडी इतकी स्लो आहे की चालू आहे की नाही बघत होतो.

१ फेब्रुवारी, रविवार
प्रॅक्टिस रद्द. शशिकांतकडे हळदीकुंकू, त्याला सतरंज्या टाकायच्या होत्या. रामभाऊंची कंबर. माझे नवे बूट चावतात.
दुपारी बाळ आला. त्याला प्लॅन सांगितला. हसता हसता ठसका लागला त्याला, पाठ थोपटावी लागली. म्हणे, भाऊजी, तुम्ही स्वतः खेळणार? अहो, तुम्ही मस्त खुर्ची टाकून बसा ना! पद्मजा हसली नाही. तिने एवढंच विचारलं, किसनला का काढलंत? म्हटलं, तुला त्यातलं कळणार नाही. ती उठून आत गेली, भांडी जरा जोरात वाजली.

८ फेब्रुवारी, रविवार
मशीन शॉपवाल्यांनी मुद्दाम प्रॅक्टिस मॅच मागितली. ९-०. आमचं शून्य. पण मॅचनंतर लगेच सगळ्यांची नाडी घेतली, तर एवढं पळूनही सव्वाशेच्या आत! म्हणजे इंजिन उत्तम आहे. गाडी तेवढी सुरू व्हायची आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ
उद्या मॅच. बुटांना खोबरेल लावलं. डायरी कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला उद्या एक गोल मारायचा आहे. एक्केचाळीस वर्षांत एकही मारलेला नाही. शाळेत मी लिंबाच्या फोडी वाटायचो. एकच गोल. बाळच्या नाकासमोर.

१५ फेब्रुवारी, रविवार
काय लिहू.
अख्खी कॉलनी आलेली. जी.एम. साहेब सहकुटुंब. रेफरी बदलापूरचा. रिवाजाप्रमाणे घड्याळ यजमानांनी द्यायचं, म्हणून मी आपलं स्टॉपवॉच थाटात त्याच्या गळ्यात घातलं.
पहिला गोल बसला तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो. दुसरा बसला तेव्हा बुधाजी शेजारच्या वाफ्यात आलेल्या गाईला हाकलत होता. तिसरा आणि चौथा मी बघितला नाही, कारण त्याआधी एक बॉल थेट माझ्या पोटात बसला आणि मी खाली बसलो. माझा बॉलशी तेवढाच संबंध आला. पोटरीत असा काही गोळा आला की आईची आठवण झाली. मोठ्याने.
रेफरीने हाफ टाइमची शिट्टी वाजवली. सगळे थांबले. बाळने मनगट बघितलं आणि ओरडला, ओ मास्तर, सव्वीसच मिनिटं झालीत! रेफरी म्हणाला, माझ्याकडे पूर्ण पस्तीस आहेत. मग चार घड्याळं जवळ आणली. आमच्या स्टॉपवॉचचं मिनिट पंचेचाळीस सेकंदांतच आटपत होतं.
डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हळूच म्हणाले, दिनानाथ, मी याच्यावर दोनशे माणसं तपासली हो.
मग शशिकांत हसायला लागला. मग बुधाजी, मग रामभाऊ, मग मैदानावरचे सगळेच. शशिकांत तर छाती धरून म्हणत होता, अरे म्हणजे मी नॉर्मल आहे रे, नॉर्मल! मला भडभडून रडू येईल असं वाटलं. पण माणसं इतकी आनंदात होती की आधी मलाही हसूच फुटलं. लाजही तितकीच वाटत होती.
तेवढ्यात जी.एम. साहेबांनी हाक मारली, त्या किसनला बोलवा रे. तो बायकोबरोबर मॅच बघायला आला होता, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी माझी जर्सी काढून त्याला दिली. तो म्हणाला, बसा साहेब, पोटरी दाबून घ्या.
सेकंड हाफ बाळच्या घड्याळावर. किसन आणि मशीन शॉपचे चौघे आत गेले. अनवाणी खेळला किसन. पहिला गोल, दुसरा, मग तिसरा तर अर्ध्या मैदानावरून! मी शर्टाशिवाय लंगडत ओरडत होतो. हरलो, ५-३. पण जी.एम. साहेब खुर्चीवर उभे होते. म्हणाले, असा माणूस असताना मैदान बंद करायला मी वेडा आहे का? गोडाऊन मागे बांधू.
मैदान वाचलं. एका अर्थी माझ्यामुळेच. मी घड्याळ आणलं नसतं तर किसन एवढा उठून दिसला असता का?

१६ फेब्रुवारी, सोमवार
सिक लीव्ह. पोटरी भोपळ्यासारखी सुजली. संध्याकाळी डॉक्टर स्वतः घरी आले. त्यांचं घड्याळ रिपेअर होऊन आलंय. माझी नाडी बहात्तर. म्हणाले, मीठ कमी करा, चालत जा. अख्ख्या ऑफिसचं मेडिकल परत होणार आहे. स्पोर्ट्स सेक्रेटरी आता किसन. फॅक्टरीत मला लोक चोपन्नसाहेब म्हणतात, असंही त्यांनी सांगितलं. कशाला सांगायचं?
पद्मजा चहा घेऊन आली. आपलं घड्याळ नीट चालतंय ना याची खात्री म्हणून डॉक्टरांनी तिचीही नाडी बघितली. मग घड्याळ झटकलं, कानाला लावलं, परत बघितली. भिंतीवरच्या घड्याळावर मोजली.
बावन्न.
डॉक्टरांनी विचारलं, वहिनी, तुम्ही काही खेळता का? ती म्हणाली, छे, बदलापूरला शाळेत असताना धावायचे, वडिलांनी मॅट्रिकला बंद केलं. आता नुसतं चालते. बाळकडे उल्हासनगरला पायीच जाते आणि पायीच येते, बरं वाटतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी समजत होतो ही रिक्षाने जाते.
डॉक्टरांचं रिपेअर नीट झालेलं दिसत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
शेजाऱ्यांचं घड्याळ मागून आणलं. पद्मजा झोपाळ्यावर बसली होती. पन्नास.

१ मार्च, रविवार
कॉलनीतल्या महिला मंडळाचे स्पोर्ट्स. दरवर्षी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. यंदा किसनने डॉक्टरांच्या सांगण्यावरून मैदानाला चार फेऱ्यांची शर्यत ठेवली. बायका खो खो हसत उभ्या राहिल्या. पद्मजाने पदर खोचला, पायात बाळचे जुने कॅनव्हासचे शूज. पर्स, बांगड्या आणि चपला माझ्याकडे.
शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत ती मध्ये होती. दुसऱ्या फेरीत पुढे. चौथ्या फेरीत माझ्यासमोरून गेली तेव्हा तोंड मिटलेलं, नाकाने श्वास, आणि चेहरा असा की चौदा वर्षांत मी बघितला नव्हता. शशिकांतची बायको उमा दुसरी आली, पण तोवर पद्मजा पाणी पिऊन, घाम पुसून तिला टाळ्या वाजवत होती. बाळ धाय मोकलून रडला, गाढव. मीही.
जी.एम. साहेबांनी विचारलं, दिनानाथ, या कोण? म्हटलं, मिसेस, सर. जन्मजात देणगी आहे. मीच शोधून काढली.
बक्षीस, स्टीलचा डबा. रात्री जेवताना ती म्हणाली, सकाळी येत जा माझ्याबरोबर मैदानावर. म्हटलं, माझी पोटरी. ती म्हणाली, घाबरू नका हो, मी हळू धावेन.