दा नांगचं स्थळ

आये, मी परदेशात जाऊन आले. व्हिएतनाम नावाचा देश आहे, तिथे दा नांग म्हणून समुद्रकाठचं शहर आहे. तुझी नात मला घेऊन गेली. तू होतीस तेव्हा भाकरीच्या पिठात हात घालून मार खाणारी ती पोर आता कल्याणच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. "आई, आपण दोघी फिरून येऊ," म्हणाली. तिच्या बाबांनाही विचारलं, पण विमानाचं नाव काढल्याबरोबर त्यांना शेतातली सगळी राहिलेली कामं आठवली.

पहिल्याच सकाळी तिने मला संगमरवराच्या डोंगरावर नेलं. डोंगराच्या पोटात मोठी गुहा, आत बुद्धाची मूर्ती, आणि वरच्या भोकातून थेट खाली येणारा उजेड. मी चप्पल काढून हात जोडले; इथे असं चालतं का, हे विचारायचंही सुचलं नाही. मग बाजार. आये, तिथे सुक्या मासळीचे ढीगच्या ढीग! डोळे मिटले असते तर वाटलं असतं, मुरबाडच्या बाजारात उभी आहे. मी सवयीने सोडे उचलून वास घेतला, तर विकणारी बाई हसली आणि मागच्या टोपलीतले त्याहून चांगले काढून माझ्यापुढे धरले. एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक तिने बरोबर ओळखलं.

बाजारातून निघालो, तर पोरगी भलतंच काही दाखवायला लागली. इथे आपल्यासारखा तांदूळ मिळतो. इथे बस थांबते. मग एका दवाखान्यासमोर उभी राहिली.

"दवाखाना कशाला दाखवतेस गो? मला काय झालंय?"

"तुझ्यासाठी नाय, माझ्यासाठी," ती खाली बघत म्हणाली. "मी इथे राहायला आले, तर तू पहिलं हेच विचारशील."

तेव्हा उलगडलं. मी समजत होते स्थळं बघायला आलेय. पोरीने मला स्थळ दाखवायला आणलं होतं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाला आपल्याकडच्या पाहुण्यांसाठी स्वयंपाकी हवी आहे, आणि त्यांनी हिला निवडलंय. "तू नाय म्हणालीस तर नाय जाणार," ती म्हणाली. हेच जास्त अवघड होतं.

आम्ही किनाऱ्यावर जाऊन बसलो. वाळूत मोठ्या टोपल्यांसारख्या गोल होड्या पालथ्या घातलेल्या. एकुलती एक पोर, मधे एवढा समुद्र. आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला निवडले गेलेय, मामा दारात उभा राहून ओरडतोय, "पोरीला एकटी ठाण्याला धाडतेस? लोक काय बोलतील?" तू चुलीपुढे बसली आहेस. तव्यावरची भाकरी उलटतेस आणि मान वर न करता म्हणतेस, "जाऊ दे रे तिला. नाय जमला तर परत येल. घर काय पलून जातंय?" मामा पुढे बराच वेळ बोलत राहिला, पण तू त्याला जेवायला वाढलंस आणि विषय संपला. तेव्हा मला वाटलं होतं, आयेला काही वाटतच नाय. त्या किनाऱ्यावर बसल्यावर कळलं, तू मान का वर केली नव्हतीस.

मला तुझ्यासारखं बोलता आलं नाही. मी साडी झटकून उठले आणि म्हटलं, "राहायची खोली कुठे देणार? चल, दाखव."

तिने माझा हात असा धरला की बांगड्या रुतल्या. खोली लहान आहे, दोघींची. मी दाराची कडी लावून बघितली, नळ सोडून बघितला, खिडकीतून रस्ता बघितला. तिच्यासोबत राहणारी मुलगी तिथलीच, तिने मला चहा दिला, बिनदुधाचा. मी सगळा प्यायले.

आता पुढच्या महिन्यात पोरगी निघेल. तिच्या बाबांनी दोन दिवस तोंड फुगवलं, आता स्वतःच तिच्यासाठी मसाला कांडून घ्यायला निघालेत. गावात बाया म्हणतात, बाई, तुमचं काळीज मोठं. मी त्यांना चहा ठेवते. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुलाच सांगते. त्या दिवशी उठून उभी राहताना, पोरगी इथे असली म्हणजे मला पुन्हा यायला मिळेल, हेही माझ्या मनात होतं.