नानांची दाढी

दि. ९ फेब्रुवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना पत्र का, असं वाटेल. नानांचे कान अजून तिखट आहेत आणि घर एवढंसं, की स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं. म्हणून हे बेकरीत बसून लिहिते आहे.

काल सकाळी मी कामावर निघायच्या गडबडीत होते. बेसिनपाशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जाऊन बघते तर नाना आरशासमोर उभे, अर्ध्या चेहऱ्यावर साबणाचा फेस, आणि तो फेस लालभडक. वस्तरा पायाशी पडलेला. नानाच मला म्हणाले, की बघत काय उभी राहिलीस, टॉवेल दे. गाल चांगलाच कापला होता. डॉक्टरांनी टाके घातले आणि हाताची थरथर आता वाढतच जाणार, वस्तऱ्याला हात लावायचा नाही, असं तोंडावर सांगितलं.

खडूची रेघ न ओढता कोटाचा गळा कापणारा शिंपी रे तो! घरी येऊन वस्तरा पुसला, डबीत ठेवला आणि तेव्हापासून गप्प आहेत. मला अजून धड जेवण जात नाही. डोळे मिटले की तो लाल फेसच दिसतो.

काय करावं ते कळव. तुझे दाजी ठीक आहेत.

तुझी,
ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र कामावरच वाचलं. वर्कशॉपमध्ये भिंग घासत होतो, ते तसंच मशीनवर राहिलं आणि वाया गेलं. साहेब ओरडले, ते मला ऐकूसुद्धा आलं नाही.

आधी तो वस्तरा लपव. सोबत दाढीचं विजेचं मशीन पाठवतो आहे. त्यात कापण्यासारखं काही नाही, लहान पोरानेही वापरावं. तेही नको म्हणाले तर न्हाव्याला घरी बोलव. नानांना माझं नाव सांगू नकोस. मी पाठवलं म्हटलं की नको म्हणतील. आमचं दोघांचं फोनवरचं बोलणं हवेपासून सुरू होऊन हवेपाशीच संपतं, तुला माहीतच आहे.

तुझी तब्येत सांभाळ आणि माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
खारू

दि. ६ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं मशीन चपलांच्या कपाटात आहे. नानांनी स्वतःच्या हाताने ठेवलं. न्हावी आला, तर नाना न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. बिचारा चहा पिऊन गेला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की मी त्याला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले.

आता दाढी वाढली आहे आणि नाना कमी होत चालले आहेत. संध्याकाळचं फिरणं बंद. मित्र आले तर झोपलोय म्हणून सांग, म्हणतात. परवा मी ताट वाढून हाक मारली, तर आतच आणून दे म्हणाले. आरशावर टॉवेल टाकून ठेवतात.

म्हणून ठरवलं आहे. वस्तऱ्याने दाढी करायला मी शिकणार आणि नानांची दाढी मी करणार. बाजारातून एक छान चकचकीत वस्तरा घेऊनही आले. मुठीवर वाघ कोरलेला आहे. तू रात्रंदिवस धारेचं आणि घासायचं काम करतोस, तेव्हा तो चांगला आहे का ते सांग.

ओरडून काही उपयोग नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी,
ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू वेडी झालीस का? वाक्य तीनदा वाचलं. थरथरत्या म्हाताऱ्याच्या गळ्यावर तू उघडं पातं फिरवणार, आणि ते बाजारातून उचलून आणलेलं! मशीन पाठवणारा मीच मूर्ख. मी वर्कशॉपमधल्या सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

ओरडून झालं. आता ऐक, कारण तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

वाघवाला वस्तरा शोकेसमध्ये ठेव. ते पोलाद मऊ असतं, धार धरत नाही. बोथट वस्तरा जास्त कापतो, कारण आपण जोर लावतो. नानांचा जुना वस्तराच खरा, पण पडल्यामुळे त्याच्या धारेला खोच पडली असणार. तो मला पाठव, इथे भिंगाखाली बघून दगडावर घासून देतो. त्याचं टोकही थोडं गोल करतो, म्हणजे नवख्या हाताने ते रुतणार नाही. धार लावायचा चामड्याचा पट्टा मी पाठवतो. पट्ट्यावर वस्तरा ओढताना पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्ट्याच्याच चिंध्या होतील. केसांचा ब्रश, साधा साबण आणि तुरटीचा खडा घे. सुगंधी फवाऱ्याचे डबे नकोत.

गालावर पातं जवळजवळ आडवं धरायचं. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. जोर शून्य. आधी फक्त गाल. हनुवटी आणि गळा पुष्कळ दिवसांनी. आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसव. दाजींवर नको, एकच आहेत.

भीतीने अर्धा झालेला,
खारू

दि. २ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

वस्तरा पोचला. केस हवेत धरून कापून पाहिला आणि माझी मलाच भीती वाटली. पट्टा पहिल्याच दिवशी कापला, तुझं 'पाठ पुढे' उलटं लक्षात राहिलं होतं. दुसरा मागवला आहे.

बेकरीत फुग्यावर क्रीम लावून सराव केला. मी केकवरचं क्रीम रोज सुरीने सपाट करते, मला वाटलं हे तेच. पहिला फुगा गिऱ्हाइकासमोर फुटला. त्या बाईंच्या हातातला ट्रे पडला आणि मालकांनी मला आतल्या खोलीत पाठवलं. आता फुगे फुटत नाहीत. मग तुझे दाजी बसले, तुझी सूचना त्यांना वाचून दाखवूनही. खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते, की दाढी झाल्यावर बोटं सोडवावी लागली. गाल गुळगुळीत झाला. कानाखाली एक ओरखडा आला, तो ते सगळ्यांना पदकासारखा दाखवतात.

नानांना अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही.

तुझी,
ताई

दि. ८ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुला सांगायला लाज वाटते, पण मीही वस्तरा घेतला आहे. तुला पत्रातून शहाणपण शिकवायचं आणि स्वतः मशीन फिरवायचं, हे बरं दिसेना. पहिल्या दिवशी हनुवटीला चिकटवलेले कागदाचे तुकडे तसेच घेऊन कामावर गेलो. साहेबांनी विचारलं, की तू भिंगं घासतोस की तोंड?

एक गोष्ट मात्र कळली. घाईत असलो की कापतं. मनात राग असला तरी कापतं. नानांना विचारताना हे लक्षात ठेव. आणि विचारच.

तुझा,
खारू

दि. १९ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बसून वाच.

रविवारी विचारलं. नाना बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, की कात्री धरता येते का तुला, नीट? मी म्हटलं, सुरी येते. उठले, आरशावरचा टॉवेल काढला आणि खुर्चीत बसून मान मागे टेकली. मला रडू फुटणार होतं, पण हातात वस्तरा होता.

डावा गाल झाला. उजव्या बाजूला कानापाशी कातडी ताणायला बोटं ठेवली आणि बोटांखाली काहीतरी कडक लागलं. लिंबाच्या बीपेक्षा मोठं. मला वाटलं टाक्यांची गाठ असेल. पण टाके खूप पुढे होते. नानांना विचारलं, तर म्हणाले की आहे खरी, जखमेचीच असेल, म्हणून बोललो नाही. दाढीत कुणाला दिसणार होती ती!

मी उरलेली दाढी पूर्ण केली. कशी केली ते विचारू नकोस. हात मात्र हलला नाही. सोमवारी दवाखाना. तपासणीत लाळेच्या ग्रंथीत वाढलेली गाठ निघाली. शुक्रवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी वाढली असती तर चेहऱ्याची नस गेली असती, कदाचित जास्तही काही. मला अजून हे खरं वाटत नाही. मी फक्त त्यांची दाढी करायला बसले होते रे.

सुट्टी मिळते का बघ.

ताई

(दवाखान्यातून खरडते आहे, तार समजून घे: ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. नाना शुद्धीवर आहेत, डोळे दोन्ही मिटतात, म्हणजे नस शाबूत आहे. हे लगेच पोस्टात टाकते आहे. तुझ्या साहेबांनी सुट्टी नाकारली हे दाजींकडून कळलं, मनाला लावून घेऊ नकोस. — ताई)

दि. १४ मे

चि. खारूस आशीर्वाद.

अक्षर लावून वाच, हात ऐकत नाही. तुझ्या ताईकडून लिहून घेणार होतो, पण हे तिच्याकडून लिहवून घेण्यासारखं नाही.

जखम भरली. डाव्या बाजूने हसतो तसाच उजव्या बाजूनेही हसतो, असं मित्र म्हणतात. फिरायला जातो.

तुम्हा दोघांना वाटलं असेल, की मी न्हाव्याला हट्टाने परत पाठवलं. तसं नव्हतं. तुमची आई गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. इतकी वर्षं मीच माझा गाल धरत होतो. एकदम परक्याचा हात येणार म्हटल्यावर भीती वाटली, की मी तिथेच रडेन. त्या रविवारी ताईने बोटांनी गाल ताणला आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. तिला वाटलं, वस्तऱ्याला घाबरलो.

हे मला या वयात कळावं, याचाच धक्का बसला. तुम्ही लहान असताना शाळेतून आलात की मी तुमच्या गालाला हात लावत असे. तू मोठा झालास आणि मी ते कधी थांबवलं, आठवत नाही. तुझा चेहरा हाताला कसा लागतो, हे मला आता माहीत नाही.

ताई रोज पहाटे उठते, माझी दाढी करते आणि मग कामावर जाते. दमते, सांगत नाही. सुट्टी मिळाली की ये. तिला एक दिवस झोपू देऊ. ती म्हणते, तुझाही वस्तऱ्यावर हात बसला आहे. तसा बसला नसला तरी चालेल.

तुझा,
नाना