भिंतीची आतली बाजू

मी, श्रीमती चंदना भूपाल मगदूम, वय चौऱ्याहत्तर, धंदा किराणा दुकान, राहणार कसबा बावडा, साखर कारखान्याचा रस्ता, कोल्हापूर, आज हे मृत्युपत्र माझ्या हातानं आणि माझ्या मर्जीनं लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब टाकायला आलेले दोघं दुकानातल्या बाकावर बसलेत, त्यांना चहा दिलाय. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्यानं माझ्या तराजूच्या काट्याला खालून बोट लावून बघावं, मी पकडते की नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडलाय.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं म्हणून कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं, अक्षर कितीही वळणदार असो.

कागद तपासायला माझ्या माहेरचा, पेठ वडगावचा भाचा यशराज आलाय. तो वकील आहे. एवढं वाचूनच तो म्हणाला, "आत्या, कायद्याच्या कागदात असलं काय लिवत न्हाईत."

"मग असला कागद वाचतंय कोण?" असं मी विचारलं, आणि पुढं लिहिते.

कलम एक. मिळकत.

माझी मिळकत म्हणजे रस्त्याच्या कडेचं हे दुकान, मागची दोन खोल्यांची राहती जागा, बँकेतली ठेव, आणि कंपन्यांनी आमच्या घराला वेळोवेळी फुकट दिलेल्या जाहिरातीच्या वस्तू. ठेव मुलगा अनेकांत आणि सून आदिती यांना निम्मी निम्मी. त्यात भांडण्यासारखं काही नाही.

भांडण दुकानाचं आहे. अनेकांत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याला दुकान विकायचंय. घेणारा राजवीर नावाचा तरणा पोरगा आहे, त्याला इथं जुन्या काळचं वाटेल असं मिसळीचं हॉटेल काढायचंय. बाकावर बसलेले दोघं ते हेच. दुकानाच्या वरच्या खोलीत माझे धाकटे दीर धनपाल राहतात. त्यांची बायको गेली, मूलबाळ नाही. खोली कागदावर त्यांचीच, पण जिना दुकानातून; खालचं दुकान गेलं की वरची खोली गेली. अनेकांत म्हणतो, "काकांना माझ्या फ्लॅटात खोली देतो, लिफ्ट हाय, गरम पाणी हाय." भावजी विचारतात, "चौथ्या मजल्यावरनं उसाच्या गाड्या दिसत्यात का?" तीन दिवाळ्या हेच चाललंय. माझ्या डोळ्यादेखत भावजींना तिथनं कोणी हलवत नाही. माझ्या पश्चात काय, ते या कागदानं ठरवायचंय.

भावजी आत्ता समोर बसलेत. साक्षीदार म्हणून सही करायची म्हणून इस्त्रीचं धोतर नेसून, टोपी घालून आलेत. पेन पण स्वतःचं आणलंय. माझ्या शाईवर त्यांचा विश्वास नाही.

कलम दोन. घड्याळ.

दुकानातलं लंबकाचं घड्याळ एका बिडी कंपनीचं आहे. आम्ही जैन. सासऱ्यांनी जन्मात बिडी विकली नाही, पण घड्याळ फुकट मिळतंय म्हटल्यावर घेतलं, आणि तबकडीवर बिडीचं नाव होतं त्यावर कागद चिकटवला. झालं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायला लागलं, "आप्पा, कागदाखाली काय हाय?" आप्पा खोटं बोलायचे नाहीत, नाव सांगायचे. असं करता करता निम्म्या बावड्याला त्या बिडीचं नाव पाठ झालं. कंपनीच्या माणसाला कळलं तेव्हा तो आप्पांच्या पाया पडला.

घड्याळ जरा पुढं ठेवलेलं आहे, ते तसंच ठेवावं. कारखान्याच्या पाळीला निघालेला माणूस घड्याळ बघून घाई करतो, आणि घाईतलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. हे घड्याळ सून आदिती हिला. ती वेळेवर कुठंच पोचत नाही. कागद काढू नये.

कलम तीन. आरसा.

केसांच्या तेलाचा आरसा दुकानाच्या पायरीजवळ आहे. कंपनीचा माणूस तो पुरुषांच्या उंचीला ठोकून गेला होता. बाप्ये यायचे, भांग पाडायचे, मिशी बघायचे आणि जायचे. कोणी शेंगदाणासुद्धा घेतला नाही. माझे मालक, भूपाल, गेल्यावर मी एकटी दुकान चालवायला लागले, तेव्हा पहिलं काम केलं ते आरसा खाली घेतला. मग बायका थांबायला लागल्या. कुंकू नीट करता करता डाळ आठवायची, डाळ घेताना साबण आठवायचा. आरशात तोंड बघितलं की घर आठवतं, हे कंपनीला कळलं नव्हतं.

हा आरसा पायरीवर भाजी विकणाऱ्या शालूबाईंना. त्यांनी तो रोज पुसलाय. माझ्या गिऱ्हाइकांना मेथी विकताना माझ्या आरशाचा आडोसाही घेतलाय, तेही मला माहीत आहे.

कलम चार. साबणाचा बोर्ड.

चांदणी साबणाचा लोखंडी बोर्ड, निळी मुलाम्याची जमीन, त्यावर परीट आणि पांढरं धोतर. ही कंपनी कधीच बुडाली. धोतर अजून पांढरं आहे. हा बोर्ड आमच्या न्हाणीला दार म्हणून लावलेला आहे.

राजवीर पहिल्यांदा आला तेव्हा दारासमोर हात जोडून उभा राहिला. "काकू, ही अँटिक हाय!"

मी म्हटलं, "आत आदिती हाय. जरा सरक."

तेव्हापासून तो मागे लागलाय. फायबरचं नवं दार देतो म्हणतो. पोरगा वाईट नाही, पण त्याला ह्या वस्तू नुसत्या टांगायच्या आहेत. नुसती टांगायला कुठल्याच कंपनीनं कधी वस्तू दिली नाही. घड्याळ दिलं, कारण वेळ बघावी लागते. आरसा दिला, कारण तोंड बघावं लागतं. वस्तू कामाला येते तोवर माणूस नाव वाचतो. काम संपलं की नाव बघायला कोणाची मान वर होत नाही.

म्हणून हा बोर्ड राजवीरला देते, पण अटीवर. आधी इथं नवं दार बसवावं, मग हे काढावं, आणि त्याच्या हॉटेलात ते न्हाणीला किंवा संडासाला दार म्हणूनच वापरावं. हॉटेल त्यानं दुसरीकडं कुठंही काढावं.

हे मोठ्यानं वाचल्यावर बाकावरून आवाज आला, "दुसरीकडं म्हंजे?"

"पुढं ऐक," मी म्हटलं.

कलम पाच. कॅलेंडरं.

लोखंडी ट्रंकेत कॅलेंडरं आहेत. वर देव नाहीतर तीर्थंकर, खाली तेल गिरणीचं, खतवाल्याचं, बियाणेवाल्याचं नाव. वर्ष संपतं, देव संपत नाही, म्हणून कोणी टाकत नाही. व्यापाऱ्यानं एवढा हुशारीचा धंदा दुसरा केला नाही. ही ट्रंक अनेकांतला. तो मला सारखं म्हणतो, "आई, अडगळ हाय, टाकून दे." बाळ, आता तू टाकून दाखव.

कलम सहा. माझा बॅनर.

मी गेल्यावर चौकात माझा फ्लेक्स लावू नये. लावलाच तर त्यावर माझाच फोटो मोठा असावा. गेल्या वर्षी समोरच्या बाळाबाई गेल्या. त्यांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर खाली उभे राहिलेले शुभेच्छुक एवढे होते की त्यातलं गेलं कोण ते कळेना. एकानं तर गॉगल घातला होता.

भावजी म्हणाले, "वहिनी, माझ्या भिंतीवर लावू द्या की. सीझन हाय, गाड्यावाली बगतील."

"मेल्यावरबी तुमच्या भिंतीवर न्हाय," मी म्हटलं.

आता भिंतीचं.

कलम सात. भिंत.

ही भिंत रस्त्याच्या अंगाला आहे. सीझनला कारखान्याच्या वजनकाट्यापासून उसाच्या गाड्यांची रांग लागते ती आमच्या दारापुढून. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता ट्रॅक्टर. रांग हलत नाही. गाडीवान बिचारा भिंतीकडं बघत बसतो. एवढा वेळ बघणारा माणूस कंपनीला कुठं मिळणार? म्हणून ह्या भिंतीला मागणी होती. आप्पांच्या वेळी तिच्यावर मोरपंख चहा रंगवलेला होता आणि दुकानात मोरपंखच मिळायचा. गाडीवान वाचायचा, उतरायचा, पुडा घेऊन जायचा.

आप्पा गेले, वाटणी झाली. दुकान थोरल्याला, वरची खोली धाकट्याला. भिंत कुणाला? भिंतीला कंपनी दर वर्षी चुना, चहा आणि वर काहीतरी भेट द्यायची, त्यामुळं कोणी सोडेना. पाच पंच दिवसभर बसले. दोन्ही भावांचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी न्याय दिला, तो असा: भिंतीची आतली बाजू थोरल्याची, बाहेरची बाजू धाकट्याची. तसं वाटणीपत्रात लिहिलं आणि सगळे लाडू खाऊन गेले.

दसऱ्याला भावजींनी बाहेरची बाजू सोनतुरा चहाला दिली. त्या कंपनीनं त्यांच्या बायकोला छत्री दिली होती.

म्हणजे भिंत सोनतुराची, दुकान मोरपंखाचं. गाडीवान वाचून आत यायचा, "सोनतुरा द्या." मी म्हणायचे, "न्हाय." तो परत बाहेर जाऊन वाचून यायचा. "बाई, भायेर लिवलंय की." मी म्हणायचे, "भायेर लिवलंय ते भायेर मागा." मालक म्हणायचे, "चंदना, ठेवूया की गं थोडा सोनतुरा." मी ठेवला नाही. एकदा त्या कंपनीचा एजंट स्वतः आला, "वहिनी, भिंत आमची, दुकान तुमचं, दोघांचंबी भलं हुईल." मी त्याला मोरपंखाचा चहा पाजला. चांगला झालाय म्हणाला.

एकदा फळीसाठी ठोकलेला माझा खिळा पलीकडं सोनतुराच्या रंगवलेल्या कपातून बाहेर निघाला. पंच परत बसले. खिळा चार बोटांपेक्षा लांब नसावा, असं ठरलं. तेव्हापासून माझ्या फळ्या हलतात.

इथं भावजी म्हणाले, "खरं सांगू का वहिनी? सोनतुरा लई बेकार चहा हुता."

"मग प्यालात कशाला इतकी वर्षं?"

"फुकट यायचा. आणि तुमी मोरपंख दिला न्हाईसा."

"मागितला का कधी?"

"साकर मागत हुतो की. त्यावरनं वळकायचं."

साखर मी देत होते, हे खरं आहे. त्यांची बायको गेल्यापासून दिवस मावळायच्या आत त्यांचं ताट वर जातं, तेही खरं आहे. चहाचा विषय वेगळा.

दोन्ही कंपन्या आता नाहीत. रंग अजून दिसतो. आता पोरं भिंतीपुढं उभं राहून फोटो काढतात, आणि राजवीरला दुकानापेक्षा ती भिंतच हवीय. यशराजकडून मी खात्री करून घेतली, की वाटणीपत्र आजही लागू आहे. भिंतीची एक बाजू अनेकांतकडं आली तर तो दुसऱ्या बाजूसाठी काकांच्या मागं लागणार, आणि काका भोळे आहेत. एका छत्रीत विकले गेलेले आहेत.

म्हणून असं लिहिते:

दुकान आणि राहती जागा अनेकांतला. परंतु रस्त्याच्या अंगाच्या भिंतीची माझ्या मालकीची आतली बाजू, खिळ्यांसकट, माझे दीर धनपाल यांना. सबंध भिंत त्यांची. त्यांच्या मर्जीशिवाय तिला कोणी हात लावू नये, रंगवू नये, पाडू नये. भिंतीशिवाय दुकान विकता येत असेल तर अनेकांतनं खुशाल विकावं.

अनेकांत बाकावरून उठला. "आई, हे काय! भिंतीशिवाय दुकान घेतंय कोण?"

"कोण न्हाय," यशराज म्हणाला. हे त्याचं आजचं पहिलं चांगलं कायदेशीर मत.

भावजी पेन उघडून बसले होते. यशराजनं ते हळूच मिटवलं. "काका, तुमाला आता सही करता येणार न्हाय. तुमाला मिळकत आलीया. ज्याला मिळतंय त्यानं साक्षीला ऱ्हाऊ नये, उद्या कोर्टात कुणी बोट दाखवाय नको."

"मला नको ती आतली बाजू," भावजी म्हणाले. "तिला ओल हाय."

"ओल तुमच्या बाजूनंच येतीया," मी म्हटलं.

मग भावजी म्हणाले, "म्हंजे मी हाय तवर भिंत हाय."

"व्हय."

"मग मला लवकर मरता येणार न्हाय."

"न्हाय."

"आणि तुमी माझ्या आदी जाणार, हे कुणी ठरवलं? पंचांनी?"

मी म्हटलं, "मृत्युपत्र मी करायलीया, भावजी." त्यांनी टोपी नीट केली आणि बाहेर गेले. पेन इथंच राहिलं. ही सही त्याच पेनानं करते आहे.

साक्षीदारांची अडचण आली. यशराजनं भोवती बघितलं. मुलगा, सून, शालूबाई, राजवीर, सगळ्यांना काही ना काही देऊन बसले होते. म्हणून रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरच्या दोघांना हाक मारली, "पावणं, जरा आत या." ते आले. आधार कार्ड दाखवलं. त्यांना इथलं काहीही मिळणार नाही, चहा सोडून.

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
तारीख: १९ जानेवारी २०२५

चंदना भूपाल मगदूम
(लिहून ठेवणार)

साक्षीदार:

१. उदयसिंह बाबूराव खोत, राहणार पेठ वडगाव. बाईंनी आमच्या समोर सही केली.

२. आकाराम ज्ञानू चौगले, राहणार पेठ वडगाव. सही करताना बाई एकदम शुद्धीत हुत्या. भायेर भिंतीला पाठ लावून बसल्याल्या म्हाताऱ्याचं मातर काय खरं दिसलं न्हाय, टोपीनं डोळं पुसत हुता.