तिचीच सही

प्रिय खारू,

परवा तुझा फोन आला तेव्हा 'माझे हात ओले आहेत, बाबांशी बोल' म्हणाले ना, ते खोटं होतं. हात कोरडेठाक होते. तुझा आवाज ऐकायची हिंमत होत नव्हती, एवढंच. म्हणून लिहायला बसले. लिहिताना निदान समोरचा माणूस मध्येच 'बरं, ठेवते' म्हणत नाही.

इकडची खबर अशी, की मी आता हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीवर नाही. सोळा वर्षांनी मला तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत पाठवलंय. दिवसभर जुन्या फायली आणि शिंका. बाबा म्हणतात, तुझ्या आवाजाला इतकी विश्रांती पहिल्यांदाच मिळाली. हसले मी, पण लागलं. माझ्या आवाजाचीच तर गोष्ट आहे ही.

चार महिन्यांपूर्वी एक मुलगी खिडकीवर आली. एकोणीस वर्षांची, झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद नीट लावून आणले होते, एकेकाच्या दोन-दोन प्रती. सोळा वर्षांत असे कागद कुणी आणले नव्हते. काचेच्या भोकाशी तोंड आणून ती हळूच म्हणाली, "पाळी चुकलीय. मला ठेवायचं नाहीये. कुठल्या खोलीत जाऊ?" आणि मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "किती दिवस झाले? लग्न झालंय का? बरोबर कोण आहे?" काचेतून ऐकू जात नाही म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. डॉक्टर समोर आले की त्याच काचेतून माझा आवाज किती मऊ जातो, ते तू लहानपणी पाहिलंयस.

बरोबर कुणी नाही म्हणाली. मी म्हटलं, "मग घरचं कुणीतरी घेऊन ये. आईची नाहीतर बापाची सही लागते." तिनं विचारलं, "मावशी, मी सज्ञान आहे. माझी सही नाही का चालणार?" त्यावर मी म्हणाले, "सही करायला शिकलीस म्हणजे अक्कल आली का?" रांगेतल्या दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. तीही हसली. रडू येऊ नये म्हणून माणूस हसतं, तशी. फोल्डर छातीशी धरून निघून गेली.

तिचं बरोबर होतं, खारू. सज्ञान मुलीची स्वतःची सही पुरते, दुसऱ्या कुणाचीही लागत नाही. तसं परिपत्रक आलं तेव्हा मीच ते वाचून, भोकं पाडून फायलीत लावलं होतं. नियम माहीत नव्हता असं म्हणायचीही सोय नाही मला. घरच्यांना कळलंच पाहिजे, त्यातच मुलीचं भलं आहे, असं मी माझं मीच ठरवून टाकलं होतं. अशा किती जणींना परत पाठवलं याचा हिशोब नाही. पुढे त्या कुठे गेल्या, हे एकदाही मनात आलं नाही. समोरून गेली की संपलं.

ही मात्र पाच आठवड्यांनी परत आली, स्ट्रेचरवरून. कुणीतरी तिला कुठल्याशा बाईकडे नेलं होतं. त्या बाईनं काय केलं कोण जाणे, पण ताप डोक्यात चढला होता आणि अंगावरून रक्त जाणं थांबत नव्हतं. तिचा केसपेपर मीच लिहिला. तिनं मला ओळखलं. नुसतं पाहिलं. तिची आई माझा हात धरून सारखी म्हणत होती, "ताई, तुम्ही लगेच आत घेतलंत, तुमचे उपकार कसे फेडू?" मी हात सोडवून घेतला नाही. जीव वाचला तिचा, पण गर्भाशय काढावं लागलं. आणि ऐक, त्या ऑपरेशनच्या कागदावर सही तिचीच घेतली. शुद्धीवर होती, सज्ञान होती. तिथे तिचीच सही चालली.

दुसऱ्या दिवशी नव्या डॉक्टरबाईंनी बोलावून विचारलं, "ही आधी आली होती म्हणते. कुणी परत पाठवलं?" मी म्हणाले, "रोज शंभर जणी येतात मॅडम, कुणाकुणाला लक्षात ठेवणार?" मला तर तिच्या फोल्डरचा रंगसुद्धा आठवत होता. अकरा दिवस मी तशीच खिडकीवर बसले, डबा खाल्ला, बायकांशी गप्पा मारल्या. त्या अकरा दिवसांची जितकी लाज वाटते तितकी खिडकीवरच्या त्या एका वाक्याचीही वाटत नाही. वाक्य तोंडातून निसटलं म्हणता येतं. अकरा दिवस निसटत नाहीत.

बाराव्या दिवशी वॉर्डात गेले. तिची आई पाणी आणायला गेली होती. मी तिला म्हटलं, "तुला परत पाठवायचा मला काही अधिकार नव्हता. मला नियम माहीत होता." ती छताकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी बायका हसल्या ना, तेव्हा तुम्हीपण हसलात?" माझ्या तोंडावर 'नाही' आलं होतं. मी 'हो' म्हणाले. ती म्हणाली, "मला वाटत होतं, मला भास झाला." आणि कूस बदलली. माफ केलं नाही तिनं, आणि मी माफी मागितलीही नाही. तशीच वर जाऊन डॉक्टरबाईंना सगळं लेखी दिलं. चौकशी चालू आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. खिडकीवर आता जी बसते ती कमी बोलते, आणि परिपत्रक मोठ्या अक्षरात बाहेर लावलंय.

हे सगळं मी गेल्या रविवारी दुपारी बाबांना सांगितलं. ते दुरुस्तीला आलेलं एक शिलाई मशीन उघडून बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, "आपली खारूपण गेली होती, याच कामासाठी. दोन वर्षांपूर्वी. कावीळ झाल्याचं सांगून सुट्टीत घरी आली नाही ना, तेव्हा." सुटे भाग आणायला म्हणून ते तीन दिवस गेले होते, ते तुझ्या उशाशी बसायला. त्यांच्यावर रागावू नकोस, दोन वर्षं त्यांनी तुला दिलेला शब्द पाळला. तू काय म्हणालीस तेही सांगितलं त्यांनी: आईला सांगू नका, ती जेवताना ज्या मुलींबद्दल बोलते, त्यांच्यातली मी होईन. खारू, तू तसं का केलंस, कुणाबरोबर, हे मी विचारणार नाही, कधीच नाही. तुला घरी येणं जमेल तेव्हा ये, नाही जमलं तरी मला समजेल. मला फक्त एकच विचारायचंय, त्यासाठीच हे पत्र. तिथे खिडकीवर कोण होतं गं? तुझ्याशी नीट बोलली का ती?

तुझीच, तू म्हणू देशील तर,
आई