आवाजाच्या बारा डब्या

३ फेब्रुवारी

बाईसाहेबांना सुताराचा नमस्कार,

तू नीट पोचलीस, लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, हे सगळं जावयानं पाठवलेल्या निरोपातून कळलं. निरोप तीनदा वाचला. फोटोही पाहिला. नाक आमच्याकडचं आहे. बाकी सगळं तुमच्याकडचं घ्या, माझी हरकत नाही.

इकडे ठीक आहे. कुंड्यांना पाणी घालतो. दुधाचं पातेलं एकदा करपलं होतं, पण ते असं घासून ठेवलंय की तुला कळणारसुद्धा नाही. म्हणजे आता कळलंच.

निघताना तू म्हणालीस, रोज फोन करा. पण फोनचं काय बिनसलंय कोण जाणे, नुसता खरखरतो. त्यापेक्षा पत्र बरं. लेकीला सांग, बाबा परवा फोनवर नुसतं ‘हो हो’ म्हणाले ते रागानं नाही.

एक बातमी आहे. मला नोकरी लागली! हसू नकोस. मागच्या गल्लीत छोट्यांची शाळा आहे ना, तीन ते पाच वर्षांच्या मुलांची, तिथल्या शिक्षिका सोमवारी दारात उभ्या. आपल्या लेकीच्याच वयाच्या असतील, मुलं त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. हातात वीतभर उंचीची खुर्ची. म्हणाल्या, “काका, ही नीट बसत नाही, बघता का?”

म्हटलं, “खुर्ची बसलीच आहे. तिच्यावर बसणारा पडत असणार.”

अशा अकरा खुर्च्या निघाल्या. एका दिवसाचं काम होतं. पण काम करायला जमिनीवर बसलो आणि आजूबाजूला बावीस पोरं गोळा झाली. एकाला रंध्याच्या ढलप्या हव्या होत्या. एकीला माझी टेप ओढायची होती. तिनं माझं नाक मोजलं, खुर्ची मोजली, ताईंची वेणी मोजली आणि जाहीर केलं की सगळं ‘सात’ आहे. ही चार वर्षांची. हिला मी इन्स्पेक्टर असं नाव ठेवलंय, कारण प्रत्येक वस्तूची चौकशी केल्याशिवाय ती पुढे जात नाही.

ताई म्हणाल्या, “उद्याही याल?” दुकानातलं करवतीचं मशीन विकल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं. गेलो.

प्रकृतीला जप. बाळंतिणीला उठून कामं करू देऊ नकोस. तू तरी कुणाचं ऐकतेस म्हणा.

तुझा,
अकरा खुर्च्यांवाला


१४ फेब्रुवारी

बाईसाहेब,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं होतं. त्यातली तिसरी ओळ अशी: ‘फोन नवाकोरा आहे, जावयानंच घेऊन दिलाय. तुम्हाला बोलायचं नसेल तर तसं सांगा.’

ही ओळ वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. मग पुन्हा काढलं. तुझं खरं आहे, फोन नवा आहे. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. आज शाळेचं ऐक.

मी पोरांसाठी एक फळी केली. दोन हात लांब. तिच्यावर कडी, खिटी, बिजागरीवर उघडणारं छोटं दार, साखळी, मोठे बोल्ट आणि त्यांचे नट, असं दुकानातलं उरलंसुरलं सगळं ठोकलं. पोरं दिवसभर उघडतात आणि लावतात. मला वाटलं, चला, वेळ जातोय त्यांचा. तर ताई म्हणाल्या, “वेळ जात नाहीये काका, तयारी चाललीय. बोटांना पीळ देता आला की पेन्सिल आपोआप धरता येते.” मग माझ्या लक्षात आलं, माझ्या बाबांनी मला सहा महिने नुसते स्क्रू पिळायला लावले होते, करवत हातात दिलीच नव्हती. मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोललो होतो! तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नसेल की ते बालशिक्षण करतायत.

एक मुलगा आहे, गाल असे की फुंकर मारल्यासारखे. तो कुणाशी बोलत नाही. त्यानं तीन दिवस लागोपाठ तो छोटा दरवाजा उघडला आणि लावला, उघडला आणि लावला. चौथ्या दिवशी दार उघडून आत तोंड घालून म्हणाला, “कोण आहे?” मागून इन्स्पेक्टर म्हणाली, “मी आहे. चहा ठेवा.” तेव्हापासून तो बोलतोय. आता ताई त्याला गप्प बसवतात.

पाण्याचाही एक खेळ आहे. मोठ्या जगमधून छोट्या पेल्यात ओतायचं, सांडलं तर स्वतःच पुसायचं. सांडणं चुकत नाही, पण पुसायला काय भांडणं लागतात! आपल्या लेकीनं त्या वयात पाणी सांडलं की मी ओरडायचो. फडकं हातात द्यायला हवं होतं.

ताईंनी आणखी एक काम दिलं. आवाजाच्या डब्या. लाकडाच्या बारा डब्या, दिसायला अगदी सारख्या. दोन डब्यांत साखर, दोनांत वाळू, दोनांत तांदूळ, मग चणे, खडे आणि लोखंडी नट. पोरांनी कानाजवळ हलवायच्या आणि जोड्या लावायच्या. बुडाला रंगाचा ठिपका आहे. जोडी लावून झाली की उलटं करून बघायचं, बरोबर की चूक ते आपलं आपल्याला कळतं, कुणाला विचारायला नको. डब्या झक्क झाल्या. झाकण असं बसलंय की कण बाहेर येणार नाही.

पण खेळ काही मला पटला नाही. ताईंना म्हटलं, “साखरेच्या डब्या बंद पडल्यात.”

त्या हसल्या. “डब्या कशा बंद पडतील काका?”

असो. माझी लाकडाची कामं काय कमी आहेत! या खेळाच्या वेळी मी बाहेर ओट्यावर बसून खुर्च्यांना पॉलिश करतो.

नातीचं नाव काय ठेवताय? लेकीनं फोनवर सांगितलं म्हणे. मला नीटसं कळलं नाही. लिहून पाठव.

तुझा,
सुतार


२ मार्च

अगं,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं. हे फाडायचं नाही असं ठरवलंय.

गेल्या मंगळवारी जोराचा वारा सुटला होता म्हणून मी आतच बसलो होतो. इन्स्पेक्टर डब्यांचा ट्रे घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “तुमची पाळी.” मी एकेक डबी उचलून हलवली आणि सगळ्या जोड्या लावून दाखवल्या. ठिपके बरोबर. मला वाटलं, सुटलो. ती माझ्या हातांकडे बघत होती. म्हणाली, “तुम्ही हलवतच नाही. हातावर धरता.”

पकडलंन् मला. चाळीस वर्षं लाकूड हातात घेऊन वजन ओळखणारा माणूस मी. वाळू जड, साखर हलकी. मी वजनावर जोड्या लावत होतो.

“मी हलवते,” ती म्हणाली आणि डबी घेऊन माझ्या पाठीमागे गेली. मी वाट बघितली. म्हटलं, “हं, हलव.”

ती पुढे आली. म्हणाली, “हलवली की.”

पुन्हा मागे गेली. पुन्हा मी वाट बघितली. पुन्हा पुढे आली. बाकीची पोरं जोड्या सोडून बघायला लागली. पन्नास माणसांसमोर लाज वाटली नसती एवढी मला त्या सात-आठ पोरांसमोर वाटली. तिनं ट्रेमध्ये शोधून नटांची डबी काढली, माझ्या कानाला लावून खडखडवली. म्हणाली, “ही येते?” म्हटलं, “येते.” मग चण्यांची. “ही?” ती जरा जरा. मग तिनं वाटणी केली. सहा डब्या माझ्यापुढे सरकवल्या, सहा स्वतःकडे घेतल्या. “बारीक आवाजाच्या मी करते. मोठ्या तुम्ही करा.” बस. विषय संपला. कुणी हसलं नाही, कुणी कीव केली नाही. पोरं आपापल्या कामाला लागली.

ताईंनी हे दारातून पाहिलं होतं. शाळा सुटल्यावर म्हणाल्या, “काका, गेल्या वर्षी या डब्यांमुळे एका मुलाचं कळलं. घरी सगळे त्याला हट्टी म्हणायचे, हाक मारली तर वळून बघत नाही म्हणून.” एवढंच बोलल्या आणि कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

मला ऐकू येत नाही गं. आजचं नाही, सहा-सात वर्षं झाली. करवतीच्या मशीननं घेतले कान. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. समोरच्याचे ओठ दिसले तर भागतं. फोनवर ओठ दिसत नाहीत.

तू म्हणशील, सांगितलं का नाही. माझे बाबा आठवतात ना तुला? शेवटी शेवटी त्यांना ऐकू यायचं नाही, आणि आम्ही घरातले सगळे, त्यात मी पुढे, त्यांची थट्टा करायचो. ‘जेवायला चला’ म्हटलं की ते ‘कोण मेला?’ विचारायचे आणि आम्ही हसून लोळायचो. ते पण हसायचे. एकदा मी पाहिलं, हसून झाल्यावर ते उठून मागच्या दारी जाऊन उभे राहिले. मला तिथं जाऊन उभं राहायचं नव्हतं.

पण हे कारण झालं. खरं सांगायचं ते वेगळंच आहे. आता लिहितो.

चार वर्षांपूर्वी तू तुझ्या आईजवळ होतीस. सासूबाईंच्या पोटात चार दिवस अन्न नव्हतं. तू रोज सकाळी फोन करून सांगायचीस, आजही जेवली नाही. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. मशीन बंद केलं, बाजूला जाऊन उभा राहिलो. तू म्हणालीस, “अहो, आई गेली.”

मला ऐकू आलं, आई जेवली.

मी म्हणालो, “चला, बरं झालं! एकदाचं झालं ते. आता तूही जरा पड.”

तू फोन ठेवलास. मी शीळ घालत मशीन सुरू केलं. अर्ध्या तासानं तुझा भाऊ फोनवर ओरडून बोलला तेव्हा कळलं. येऊन पोचलो, तेव्हा तू दारातच होतीस. तू माझ्याकडे जसं पाहिलंस ते मी विसरलेलो नाही. तेव्हाच, तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. ‘मला ऐकू येत नाही’ एवढे चार शब्द. मी ते गिळले. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा निर्दयी म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. असा मी शहाणा.

त्यावर तू एका शब्दानं विचारलं नाहीस. फक्त तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे ‘जेवण झाकून ठेवलंय’ आणि ‘किल्ली खिडकीत आहे’. भांडली असतीस तर बरं होतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही कानांत मशीन बसवलंय, शेंगदाण्याएवढं. पहिला दिवस फार वाईट गेला, वर्तमानपत्राची घडी घातली तरी घर पडल्यासारखं वाटे. आता सवय होतेय. शाळेत गेलो तर कळलं, इन्स्पेक्टर मला आजोबा म्हणतच नाही. ‘आदोबा’ म्हणते. इतके दिवस मला पत्ताच नव्हता.

मी तुला कधी विचारलंच नाही, सासूबाई कशा गेल्या. विचारायला तोंड नव्हतं. आता विचारतो. सांगावंसं वाटलं तर फोन कर. नाही वाटलं तरी मला समजेल.

तुझा


११ मार्च

अगं,

काल संध्याकाळी तुझा फोन आला. पाऊण तास बोललीस. इतकं तू गेल्या चार वर्षांत मिळून बोलली नसशील. आधी दहा मिनिटं रागावलीस तेही बरं वाटलं. ‘तुम्ही माणूस आहात की ओंडका’ हे तर अगदी स्वच्छ ऐकू आलं.

सासूबाईंनी त्या सकाळी केस विंचरून मागितले, हे मला माहीत नव्हतं. खिडकी उघडायला सांगितली, तेही नाही. आणि माझ्यासाठी त्यांचा निरोप होता, हे तर स्वप्नातही आलं नसतं. ‘जावयांना सांग, त्यांनी खाट करून दिल्यापासून माझी पाठ दुखली नाही.’ तो निरोप रागानं चार वर्षं स्वतःजवळ ठेवला, असं म्हणून रडायला लागलीस. रडू नकोस. मी काय कमी लपवलं? फिटंफाट.

इकडे शाळेत सगळं छान. गालफुग्याला आता डब्यांचा नाद लागलाय. ताई विचारत होत्या, काकू आल्या की त्याही येतील का, गोष्टी सांगायला कुणीतरी हवंय. मी म्हटलं, मी कोण हो म्हणणारा, त्यांनाच विचारा.

लेकीला आशीर्वाद. नातीचं रडणं मागून ऐकू येत होतं, आवाज खणखणीत आहे. तू महिनाभर आणखी राहतेस ते योग्यच. मी न्यायला येईन.

एक राहिलं. निरोप सांगितल्यावर तू दोनदा विचारलंस, “अहो, ऐकू येतंय ना?” आणि मी दोन्ही वेळा गप्प राहिलो. तुला वाटलं असेल, मशीन बंद पडलं.

बंद पडलं नव्हतं. सगळं ऐकू येत होतं. मला बोलता येत नव्हतं.

तुझाच